नानांच्या जोत्यावर भरलेली ओटी

आई, तुझ्या अंगावर माहेरच्या दोन साड्या पडल्या.

बाई गेली की तिच्या माहेराहून साडी येते आणि ती आल्याशिवाय तिला उचलत नाहीत, ही आपल्याकडची रीत. त्या सकाळी किसनमामा एसटीने आला. तुझा पाठचा, एकुलता भाऊ. त्याच्या पिशवीत हिरवी साडी होती. ती तुझ्या अंगावर घालून होते न होते तोच धोंडूनाना जीपमधून उतरले. त्यांच्याही काखेत साडी. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बेल्ह्याच्या आत्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "तुझ्या आईला माहेरं तरी किती व्हती गं?"

मला रडता रडता हसू आलं. तुला कळलं असतं तर तूही तोंडाला पदर लावून हसली असतीस. आत्यांना काय सांगणार? नाना आपल्या नात्यातले नाहीत, भाऊकीतले नाहीत. ते तुझे भाऊ झाले ते एका दुपारी, पाण्याच्या काठी, एका चुकीमुळे. निदान मी तरी इतकी वर्षं त्याला चूकच म्हणत आले.

तुझं माहेर घोड नदीच्या काठी, डिंभ्याच्या वरच्या अंगाला. आणि सासर आण्याच्या पठारावर, जिथे शिमगा झाला की पाण्यासाठी वणवण सुरू. मी शाळेत होते तेव्हा धरण भरलं आणि तुझं गाव पाण्याखाली गेलं. गाव उठत होतं तेव्हा माझ्या पाठचा संतोष तान्हा होता, तुला जाता आलं नाही. मामा खाली कालव्याच्या बाजूला नवीन वसाहतीत गेला. काही घरं मात्र कुठे गेली नाहीत, तिथेच वर डोंगराच्या अंगाला सरकली. तू हसत म्हणायचीस, "माझं बाई सगळंच उलटं. माहेरला पाणी लई झालं, सासरला पाणीच न्हाई." बायका हसायच्या. मीही हसायचे. त्यातलं दुसरं काही ऐकू यायचं माझं वय नव्हतं.

मामा नवीन जागी दोन पत्र्याच्या खोल्यांत राहायला लागला आणि त्याचं येणं कमी झालं. आधी पंचमीला न्यायला येणं थांबलं, मग भाऊबीजेलाही निरोप यायला लागले. गाय व्यायलीय, कालव्याच्या पाण्याची पाळी लागलीय, पुढच्या वर्षी बघू. तू ओवाळायचं ताट तयार करून चंद्राला ओवाळायचीस आणि आम्हाला करंज्या वाढायचीस. कुणी विचारलं तर सांगायचीस, "त्याचं अजून बस्तान बसायचंय." त्याच्याबद्दल वाईट शब्द तुझ्या तोंडून कधी निघाला नाही. पण दिवाळीच्या आठवड्यात एसटी थांबल्याचा आवाज आला की तुझे हात थांबायचे, हे मी पाहिलं आहे.

आपल्याकडे पोरगी दहा वर्षांची झाली की तिच्या डोक्यावर हंडा येतो. माझ्या डोक्यावर तो आला नाही. आजी बोलायची, शेजारणी टोमणे मारायच्या, "कलेक्टरीण करायचीय जणू." तू दोन खेपा जास्त करायचीस आणि म्हणायचीस, "पाणी भरायला मी हाय की. तिला वाचू द्या." मी आज शाळेत शिकवते, महिन्याच्या महिन्याला पगार घेते, ते त्या जास्तीच्या खेपांवर. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगायला गेले असते तर तू म्हणाली असतीस, "बास झालं, भाकरी खा."

माझा बी.ए.चा शेवटचा पेपर झाला त्या दिवशी आबांनी मला विचारलं, "काय पायजे तुला?" मी काही बोलायच्या आत तूच म्हणालीस, "तिला काय इचारता? मला इचारा. मला माहेरी न्या. माझी ओटी भरायची ऱ्हायलीय."

आबा म्हणाले, "माहेर कुठंय आता?"

"मे महिन्यात उघडं पडतं. समदे सांगत्यात."

आणि आपण निघालो. तू, आबा, मी आणि संतोष. गल्लीतल्या टेम्पोतून कांद्याच्या गोण्यांवर बसून मंचरपर्यंत. तू पहाटे उठून मासवड्या केल्या होत्यास आणि तो डबा मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हतीस. मंचरच्या गर्दीत टेम्पो अडकला तेव्हा तू ड्रायव्हरला म्हणालीस, "भाऊ, हॉर्न तरी वाजवा की." तो म्हणाला, "मावशी, वाजवून वाजवून हॉर्न बसला." घोडेगावच्या स्टँडवर मामा आणि मामी उभे होते. मामा वाळला होता. तू त्याच्या खांद्यावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "पाणी मानवलं न्हाई का रे तिकडचं?" तो म्हणाला, "मानवलं की." पुढे जीपमध्ये तो सारखा बाहेरच बघत होता.

धरणाचं पाणी मी तोवर एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं. ते लांब मागे सरलं होतं आणि मधे भेगाळलेला गाळ, शिंपले, काळे पडलेले झाडांचे बुंधे. पाणी ओसरलं की तेवढ्या जमिनीत लोक गाळपेर करतात, तशा काकडीच्या आणि भुईमुगाच्या हिरव्या पट्ट्या मधूनमधून दिसत होत्या. संतोष कपडे काढून सरळ पाण्यात. आबा काठावर उकिडवे बसले आणि बघतच राहिले. मग तुला ऐकू जाईल असं म्हणाले, "लग्नात सासऱ्यानं भांडी लई दिली. त्यातल्या एका हंड्यात पाणी तरी द्यायचं."

तू म्हणालीस, "तुमी मागितलं न्हाई. घ्या आता. समदं माहेरच पाणी झालंय."

मामीसुद्धा हसली. मामा हसला नाही.

मग तू चालायला लागलीस. तुझ्या मागे आम्ही. तू बोट दाखवत सांगत होतीस, हा देवळाचा पार, इथं रहाट, इथं गुरवाचं घर. मला दगडांशिवाय काही दिसत नव्हतं. घर मोडून लाकूडफाटा नेला तरी मागे जोतं उरतं, घडीव दगडांचा चौथरा, तशी जोती ओळीने उघडी पडली होती. एका ठिकाणी मामा पुढे झाला आणि पाण्याकडे हात करून म्हणाला, "ताई, आपलं अजून पाण्यात हाय. लई खाली. पंधरा दिसांनी आली असतीस तर दिसलं असतं."

तू पाण्याकडे पाहिलंस. मग मामाकडे पाहिलंस. मग दोन पावलं वर चढून एका जोत्याच्या पायरीवर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "हे आपलं."

"अगं ताई, हे आपलं कसं आसंल? हे तर—"

"हेच आपलं. मी हितं जन्मले ना?"

"मीबी हितंच जन्मलो."

"मंग तुलाबी ठाव पायजे. वैनी, पदर घे. भर ओटी."

मामीने मामाकडे बघितलं. मामा मान खाली घालून पायाने गाळ उकरत होता. तिने पिशवीतून नारळ, खण, हळकुंड, सुपारी काढली. पाट नव्हता, तू पायरीच्या दगडावरच पूर्वेला तोंड करून उभी राहिलीस. पाच मुठी तांदूळ तुझ्या पदरात पडले. तू डोळे मिटले होतेस. उन्हाने तुझं कपाळ चमकत होतं. एरवी घाईत असलेली माझी आई तेवढा वेळ कुणाची तरी मुलगी होऊन उभी होती. ते मी आजही कुणाला नीट सांगू शकत नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला, "सुभे, आमच्या जोत्यावर काय करतीस गं?"

डोक्याला पंचा, कडेवर काकड्यांची पाटी. हेच धोंडूनाना. खाली त्यांची गाळपेर होती. मामाचा चेहरा उतरला. तू मात्र पदरातले तांदूळ सावरत म्हणालीस, "ओटी भरली."

"आमच्या जोत्यावर?"

"मला वाटलं आमचं हाय."

नाना एकदा तुझ्याकडे बघत राहिले, एकदा मामाकडे, आणि मग शेजारच्या बाजूला, जिथे काहीच नव्हतं. मग त्यांनी पाटी खाली ठेवली. "तुझ्या बापाच्या पागोळ्या माझ्या अंगणात पडायच्या, म्हणून आमी दोन पिढ्या भांडलो. तुझा बाप मला बघून वाट बदलायचा. आन तू त्याची लेक, माझ्या पायरीवर उभी ऱ्हाऊन ओटी भरून घेतीस?"

"मंग काय करू? परत सांडू का तांदूळ?"

"सांडतीस कशाला? पाच मुठी झाल्या?"

"झाल्या."

"मंग झालं. जिची ओटी आमच्या दारात भरली ती आमची लेक. आजपासून तू माझी भैन."

मामा तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने बोलला, "ओ नाना, भैन माझी हाय ती."

"व्हय का? मंग तुझ्या जोत्यावर भरायची व्हती."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आपण सगळे त्याच जोत्यावर बसून मासवड्या आणि भाकरी खाल्ल्या, नानांच्या काकड्या मिठाला लावून. मामा थोडा लांब, पाण्याकडे पाठ करून बसला होता. निघताना नानांनी तुझ्या पिशवीत काकड्या भरल्या आणि म्हणाले, "माहेरवाशीण रिकामी जात न्हाई." तू त्यांच्या पाया पडलीस. ज्यांना तुझ्या वडिलांनी जन्मभर पाठ दाखवली, त्यांच्या.

मला वाटलं होतं ही त्या दिवसापुरती गंमत. पण त्या भाऊबीजेला एसटी थांबली आणि नाना उतरले. खांद्यावर नव्या तांदळाचं गाठोडं. "माहेरवाशिणीला न्यायला आलोय," म्हणाले. तुझी जी धांदल उडाली! बसायला घोंगडी टाकलीस, ती उचलून सतरंजी टाकलीस. ही बातमी मामापर्यंत कशी गेली कोण जाणे. पुढच्या वर्षी मामा सकाळच्या पहिल्या गाडीने हजर. म्हणाला, "त्यो म्हातारा आला का?" "अजून न्हाई," तू म्हणालीस. "मंग मला आदी ववाळ."

त्यानंतर दर वर्षी तेच. दोघांची शर्यत. एकदा दोघे एकाच गाडीतून उतरले आणि अंगणात येईपर्यंत तोंडं दोन दिशांना. नाना म्हणाले, "पावणं, वयानं मी मोठा." मामा म्हणाला, "रक्तानं मी जवळचा." तू दोन पाट शेजारी मांडलेस आणि म्हणालीस, "गप बसा दोघंबी. ताट एकच फिरणार हाय." आबा म्हणायचे, "हिच्या भावांना जेवू घालता घालता माझी बाजरी सरली." पण त्या दिवशी ते स्वतः सकाळपासून दाढी करून बसायचे.

तुला चार दिवस न्यायलाही दोघे भांडायचे. तू दोन दिवस वर नानांकडे, दोन दिवस खाली मामाकडे. परत आलीस की अंगावर वेगळंच तेज. माझं लग्न झालं, मी सासरी गेले, तेव्हा तू मला एकच गोष्ट सांगितलीस: "माहेर जवळ हाय का लांब, हे बघू नको. कुणी वाट बघतंय का, येवढं बघ."

आणि तरीही, आई, मी तुझ्याशी त्या जोत्यावरून वाद घालायची सोडली नाही. आता वाटतं, कशासाठी? मी शिकलेली, मला खरं-खोटं करायची खोड. "तू चुकलीस, आई. मामा तेव्हाच म्हणाला होता, आपलं जोतं खाली पाण्यात आहे. तू दुसऱ्याचं घर आपलं म्हणालीस." तू भाकरी थापता थापता म्हणायचीस, "बी.ए. तू झालीस, खरं हाय. पण माहेर कुणाचं? माझं का तुझं?" मी म्हणायचे, "पण पायरीसुद्धा ओळखता आली नाही तुला?" तू तव्यावरची भाकरी उलटायचीस आणि म्हणायचीस, "म्हाताऱ्या मानसाचं डोळं." तेव्हा तू पंचेचाळिशीचीही नव्हतीस. ज्वारीतला खडा तू लांबून ओळखायचीस.

दवाखान्यात तुझ्या उशाशी बसले होते तेव्हाही मला एकदा विचारायचं होतं. वादासाठी नाही, नुसतं विचारायचं होतं. पण तू संतोषच्या पोराला खोकला झालाय का, मी डबा खाल्ला का, असलंच काहीतरी विचारत राहिलीस. मग तुझा डोळा लागला. मी तुझा हात हातात घेऊन बसले. हंड्यांनी घट्टे पडलेला तळवा. मी तोंडाने आभार मानले नाहीत, नुसता तो तळवा चोळत राहिले. तुला कळलं असावं असं मी धरून चालले आहे.

तेरावं झालं. नाना आदल्या दिवशीच घरी परतले होते, वयामुळे त्यांना बसवत नव्हतं. मामा निघायच्या आधी ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसला. मामी आत भांडी आवरत होती. तो बराच वेळ टोपी हातात फिरवत होता.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "त्या दिशी आपलं जोतं पाण्यात नव्हतं."

मी त्याच्याकडे वळले.

"गाव उठलं तवा ताईनं निरोप धाडला व्हता. लाकूड ने, पत्रा ने, समदं ने. जोतं तेवढं ठेव. मी कवातरी येऊन उभी ऱ्हाईन. मी हो म्हणलो. आन मंग नव्या जागी विहीर खांदली, ती ढासळायला लागली. दगुड कुठनं आणायचा? गेलो, आन जोतं उकरून आणलं. पायरीसकट. समदं विहिरीत बांधलं." त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. "परत पाण्यातच गेलं बघ ते."

"मग तिथे काय होतं?"

"खड्डा. नानाच्या जोत्याला लागून. तिला त्यो दावायची छाती झाली न्हाई, म्हणून पाण्याकडं हात केला. आता तूच सांग, ज्याच्या पागोळ्या नानाच्या अंगणात पडायच्या ते घर भिंतीला भिंत लागून आसंल का न्हाई? त्याचं उघडं आन आपलं पाण्यात, आसं कसं व्हईल? बारक्या पोराला कळंल. पण ताई काय बोलली न्हाई. नानाबी काय बोलला न्हाई."

बारक्या पोराला कळेल ते मला कळलं नव्हतं, आई. मी तुला पायरी ओळखायला शिकवत होते.

मामाने टोपी डोक्यावर ठेवली, परत काढली. "म्या तिला कवा सांगितलंच न्हाई. दर भाऊबीजेला सांगीन म्हणायचो. ववाळून झालं की जीभ उचलायची न्हाई." मग माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "तिला कळलं व्हतं का गं?"

हे तूच सांगायला हवं होतंस. तू एवढ्या वर्षांत ना त्याला सांगितलंस, ना मला. तू फक्त दोन पावलं वर चढलीस आणि भाऊ ज्या खड्ड्यापाशी मान खाली घालून उभा होता तिथून सगळ्यांना वर घेऊन गेलीस. माझ्याकडे पुरावा काही नाही. पण मी तुझ्या पोटची आहे, तेवढ्यावर मी उत्तर दिलं.

"कळलं होतं, मामा. तिथंच कळलं होतं."

 त्याचा चेहरा आधी रडवेला झाला आणि मग हळूहळू त्यात काहीतरी दुसरंच यायला लागलं.

"आन मंग येवढी वर्सं त्या म्हाताऱ्याचं नाव काढून काढून मला पहिल्या गाडीनं पळवत आणलं, ते?"

"ते पण."

आणि तुझा भाऊ हसायला लागला, आई. तेरा दिवसांत पहिल्यांदा. उपरण्यात तोंड खुपसून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी वाहत. मामी ओल्या हातांनी बाहेर आली आणि विचारायला लागली काय झालं म्हणून. त्याने हातानेच काही नाही असं सांगितलं. तुझ्या वतीने बोलायचा मला अधिकार नव्हता. चुकलं असेल तर माझं चुकलं, पण ते आता तसंच राहू दे.

पिशवी उचलून मामा अंगण ओलांडून गेला, पार रस्त्यापर्यंत. आणि तिथून परत आला. माझ्या जवळ येऊन, आत कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "दिवाळीला तुला न्यायला येतो. पहिल्या गाडीनं. नानाला सांगू नगं."

मी मान हलवली. नानाही निघताना माझ्या कानात तेच सांगून गेले होते, हे मी मामाला सांगितलेलं नाही.